ऑक्टाव्हिया १.८ टर्बोला हेड स्टड टाकताय? मग टॉर्क पाना उचलायच्या आधी हे बघा

हेड स्टड म्हणजे इंजिनाचं हेड ब्लॉकला धरून ठेवणारे, दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे, आणि त्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, टॉर्क किती लावू? तो आकडा स्टडच्या डब्यात जो कागद येतो त्याच्यावर लिहिलेला असतो आणि तोच धरायचा, मी सांगितलेला नाही, व्हिडिओत ऐकलेला नाही आणि गॅरेजमध्ये कोणी 'साधारण एवढाच असतो' म्हणून सांगितलेला तर अजिबातच नाही. पण गोची पुढे आहे. आकडा बरोबर लावून सुद्धा हेड ढिलं राहू शकतं, पाना बरोबर कटकन वाजतो, माणूस खूश होतो आणि दोन महिन्यांनी बूस्टवर, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, गाडी पाणी फेकायला लागते. पाना आपल्याला नट फिरवायला किती जोर लागला एवढंच सांगतो, स्टड किती ताणला गेला हे त्याला कळतच नाही, आणि हेड दाबून धरतो तो ताण. म्हणून खाली जे काही लिहिलंय ते बहुतेक सगळं घर्षणाबद्दल आहे, प्रत्यक्ष आवळणं शेवटच्या अर्ध्या तासाचं काम.

उदाहरणाला १.८ टर्बो घेतोय, वीस व्हॉल्व्हवालं. ऑक्टाव्हिया २००१ पासून आपल्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला शेंद्र्यात जुळायची आणि त्यातली टर्बो व्हीआरएस अजून बऱ्याच जणांनी जीव लावून ठेवलीये. १७८१ सीसी, ८१ मिमी बोअर, ८६.४ मिमी स्ट्रोक, सिलेंडरला पाच व्हॉल्व्ह, ब्लॉक बिडाचा आणि वर हेड अॅल्युमिनियमचं, हेडला दहा बोल्ट. दुसरं कुठलं चार सिलेंडरचं टर्बो इंजिन असेल तरी पद्धत हीच, टॉर्कचा आकडा आपापल्या स्टडच्या कागदावरचा आणि क्रम आपापल्या मॅन्युअलचा घ्या. आणि एक आधीच सांगतो, या इंजिनात हेड उचलायच्या आधी कनेक्टिंग रॉड वाकतात, त्यामुळे रॉड कंपनीचेच ठेवून नुसते स्टड टाकणार असाल आणि वर मोठा टर्बो लावणार असाल तर पैसे चुकीच्या जागी चाललेत.

आता स्टड कशाला? ८१ मिमी बोअरचं क्षेत्रफळ साधारण ५१५० चौरस मिमी येतं, आत १०० बार प्रेशर झालं तर त्या एका सिलेंडरवरून हेडला वर ढकलणारा जोर जवळजवळ ५१ किलोन्यूटन, म्हणजे पाच टनाच्या वर. बूस्ट वाढवला की हा आकडा चढतो आणि नॉकिंग (आतलं पेट्रोलचं मिश्रण आपोआप भडकून ठोके पडणं) झालं तर क्षणभर त्याच्याही बराच पुढे उडी मारतो. कंपनीचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ठरलेल्या टॉर्कनंतर ९० अंश आणि परत ९० अंश फिरवून मुद्दाम त्यांच्या लवचिकतेच्या हद्दीबाहेर ताणलेले असतात, स्टॉक गाडीला ते एकदम बरोबर आहेत, त्यांना नावं ठेवायचं काही कारण नाही. पण बोल्ट आवळताना तो ब्लॉकच्या जाड आट्यात फिरत पण असतो आणि ताणला पण जात असतो, त्यातला काही जोर पीळ पडण्यातच जातो. स्टड ब्लॉकमध्ये गपचूप बसलेला असतो, फिरतो फक्त वरचा नट आणि तो पण बारीक आट्यांवर, त्यामुळे स्टडला जवळजवळ सरळ ताण मिळतो, ब्लॉकचे आटे झिजत नाहीत आणि हेड चार वेळा काढलं घातलं तरी चालतं.

मटेरियलचं थोडक्यात. एआरपी ही कॅलिफोर्नियातली व्हेंच्युराची कंपनी, १९६८ पासून फास्टनरच बनवते, जास्त करून तिचेच सेट मिळतात. ८७४० क्रोमोली म्हणजे बेसिक, त्याच्या वर एआरपी २०००, आणि मग एल १९ वगैरे एकदम वरची मंडळी. रस्त्यावरच्या गाडीला एआरपी २००० भरपूर झालं. एल १९ च्या नादी लागू नका, ते स्टील जबरदस्त मजबूत आहे पण ओलावा त्याला सहन होत नाही, घामाच्या हाताने पकडलं, तेल न लावता ठेवलं की गंज धरून पुढे चिरू शकतं, आणि मुंबई किंवा गोव्याच्या हवेत तर विचारूच नका. सेट घेताना ओळखीच्या डीलरकडून घ्या, डबा सील असावा, कागद आणि लुब्रिकंटची पुडी आत असावी. निम्म्या किमतीत सुटे विकायला ठेवलेले स्टड मी तरी फुकट दिले तरी लावणार नाही.

आता मुख्य मुद्दा, तो घर्षणाचा. नट फिरवायला तुम्ही जो जोर लावता त्यातला साधारण निम्मा नटाच्या बुडाखाली वायसरवर घासण्यात जातो, चाळीस टक्के आट्यांत जातो, आणि जेमतेम दहा टक्के स्टड ताणायच्या कामी येतो. म्हणजे घर्षण जरासं बदललं तरी त्या दहा टक्क्यांचे तीन तेरा वाजतात. साधा हिशोब करून बघू, घर्षणाचा आकडा आणि स्टडचा व्यास यांचा गुणाकार करायचा आणि त्याने टॉर्कला भागायचं, आला ताण. समजा १० मिमीचा स्टड आणि ९० न्यूटन मीटर टॉर्क, हा आकडा फक्त हिशोबाला घेतलाय, गाडीला लावायला नाही. चांगलं लुब्रिकंट लावलेलं असताना घर्षणाचा आकडा ०.१५ धरला तर ताण येतो ६० किलोन्यूटन. तेच आटे कोरडे असतील, ०.२० धरला तर ४५. पाना दोन्ही वेळेला तसाच कटकन वाजणार. दहा स्टडचं मिळून ६०० च्या जागी ४५० किलोन्यूटन, म्हणजे पंधराएक टन दाब गायब आणि तुम्हाला पत्ता नाही. उलट पण होतं बरं का, कागदावर इंजिन ऑइलचा आकडा असेल आणि तुम्ही मॉलीची (मॉलिब्डेनमची, जास्त निसरडी) पेस्ट चोपडून तोच टॉर्क लावला तर स्टड हद्दीबाहेर ताणला जाणार किंवा ब्लॉकचे आटे उपटून वर येणार. तेलाचा आकडा नेहमी जास्त असतो, मॉली किंवा कंपनीच्या पेस्टचा कमी. एआरपी आता अल्ट्रा टॉर्क नावाची पेस्ट देते, जुन्या मॉलीचा आकडा त्याला लावायचा नाही आणि याचा त्याला नाही. जुन्या चर्चांमधले आकडे उचलताना हाच घोळ होतो, लिहिणाऱ्याने कुठलं लुब्रिकंट लावलं होतं ते लिहिलेलंच नसतं.

दुसरा घोळ युनिटचा. अमेरिकन कागदावर फूट पाउंड असतात, आपल्या पान्यावर न्यूटन मीटर, आणि जुन्या मेकॅनिक लोकांच्या तोंडात केजी मीटर. १ फूट पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन मीटर, १ केजी मीटर म्हणजे ९.८१. कागदावर ८० फूट पाउंड असेल तर ते १०८ न्यूटन मीटर होतात, आणि कोणी ८० न्यूटन मीटरच लावून मोकळा झाला तर सव्वीस टक्के टॉर्क तिथेच कमी पडला. हिशोब कागदावर करा आणि भिंतीवर चिकटवा, डोक्यात ठेवू नका.

कामाला सुरुवात ब्लॉकच्या भोकांपासून. या ब्लॉकला हेड बोल्टची भोकं खालून बंद आहेत, हेड उतरवताना त्यात कुलंट आणि तेल हमखास उतरतं आणि तळाशी साचून राहतं. तसाच स्टड फिरवत नेला किंवा बोल्ट आवळला तर खाली अडकलेल्या पाण्याला जायला जागा नाही, पाणी दबत नाही, मग ब्लॉक फुटतो. बिडाच्या ब्लॉकला भोकाच्या तळाशी चीर गेलेली बघितली की रडू येतं, कारण त्याला इलाज असा नाहीच. ब्रेक क्लीनर मारा, पातळ नळीने हवा मारा, गॉगल घाला कारण घाण थेट डोळ्यात येते, भोकावर कापड धरा, आणि कापड कोरडं येईपर्यंत परत परत करा. शेवटी पातळ तार घालून प्रत्येक भोकाची खोली बघा, एखादं भोक बाकीच्यांपेक्षा उथळ लागलं तर तळाशी अजून काहीतरी आहे. दुसऱ्या एखाद्या इंजिनावर काम असेल आणि भोकं पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडत असतील, जुन्या अमेरिकन व्ही ८ ना बऱ्याचदा असतात, तर तिथे आट्यांना सीलंट लावावा लागतो, या ब्लॉकला त्याची गरज नाही, तरी टॉर्च मारून एकदा खात्री करा.

आटे साफ करायला कटिंग टॅप मारू नका. लेथवाल्याकडे दिलं की तो पहिला तेच करतो, टॅप घालतो आणि फिरवतो, चमकदार आटे काढून देतो, आणि त्यात थोडं मटेरियल पण काढून देतो, मग स्टड ढिला बसतो. चेसर टॅप मिळतो, तो फक्त आट्यातली घाण बाहेर काढतो, कापत नाही. नाहीच मिळाला तर त्याच मापाचा, म्हणजे इथे एम १० गुणिले १.५ चा (१० मिमी जाड, आट्यांचं अंतर १.५ मिमी) नवीन चांगला बोल्ट घ्या, ग्राइंडरने आट्यांवर उभ्या दोन-तीन खाचा पाडा, कडेचे बर फाइलने काढा, झाला चेसर. काढलेला जुना हेड बोल्ट यासाठी घेऊ नका, तो ताणलेला असतो, आट्यांचं अंतर बिघडलेलं असू शकतं. हाताने आत बाहेर करा, अडकला तर जोर न लावता मागे घ्या आणि परत हवा मारा.

मग वरचा फेस, म्हणजे हेड आणि ब्लॉक जिथे एकमेकांवर बसतात तो सपाट भाग. ब्लॉकचा बिडाचा असल्यामुळे ब्लेडने खरवडला तरी चालतो, हेडला मात्र प्लास्टिकचाच स्क्रॅपर, अॅल्युमिनियमवर एक ओरखडा गेला की तिथूनच पुढे गळती. ती ड्रिलला लावून फिरवायची घासणीची चकती वापरायचा मोह होतो, दोन मिनिटांत चकचकीत होतं, पण तिची बारीक कच तेलाच्या वाटेत आणि बेअरिंगमध्ये जाते आणि नवीन बेअरिंग खाऊन टाकते, शिवाय फेसला खड्डे पडतात ते वेगळंच. पट्टी आणि फीलर गेज घेऊन फेस बघा, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या रेषांत. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हेडला ०.१ मिमी पर्यंत बाक चालतो असं आहे, पण बूस्ट वाढवायचा असेल आणि मल्टी लेयर स्टीलची पॅकिंग (हेड आणि ब्लॉकच्या मधली, गळती अडवणारी) टाकायची असेल तर मी ०.०५ च्या वर जाऊ देणार नाही. फेसिंग मारायला दिलंत तर फिनिश बारीक हवी हे आधीच सांगा, स्टीलच्या पॅकिंगला ५० मायक्रोइंच किंवा त्याहून गुळगुळीत लागते, आणि फार पण काढू देऊ नका, पाच व्हॉल्व्हच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये मोकळी जागा कमी, मॅन्युअलमध्ये हेडची कमीत कमी उंची दिलेली असते तिच्या खाली गेलात तर हेड भंगारात.

इथेच बोअरची गोष्ट सांगून टाकतो कारण नंतर उशीर होतो. दहा स्टड आवळले की ब्लॉक वरच्या बाजूला किंचित ओढला जातो आणि बोअर गोल राहत नाही, दाब जास्त तेवढा फरक जास्त. म्हणून बोअर होनिंग करताना, म्हणजे सिलेंडर आतून घासून मापाला आणताना, टॉर्क प्लेट लावतात, हेडच्या जागी जाड प्लेट, त्याच पॅकिंगने, त्याच स्टडने आणि त्याच टॉर्कने आवळून मग होनिंग. तुम्ही स्टड घेणार आहात हे मशीन शॉपला आधी सांगितलं नाही तर ते साध्या बोल्टने किंवा प्लेटशिवायच करतील. टॉर्क प्लेट असलेलं शॉप शोधावं लागतं, मिळालं तर स्टडचा डबा घेऊनच जा. हेच मेन बेअरिंगच्या स्टडचं, तिथे स्टड बदलले तर लाइन होनिंग तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता सगळं कोरडं एकदा बसवून बघा, पॅकिंगशिवाय, लुब्रिकंटशिवाय, टॉर्कशिवाय. स्टड आत जातोय का पूर्ण, हेड त्याच्यावरून न अडकता खाली येतंय का, वायसर हेडमधल्या त्याच्या जागेवर सपाट बसतोय का की कडेच्या गोलाईवर चढतोय, नटाचे सगळे आटे स्टडवर येतायत का, आणि गोटी, म्हणजे पान्याचं सॉकेट, आत जातेय का. या हेडमध्ये नट खोल खड्ड्यात कॅमशाफ्टच्या आजूबाजूला जातात, साधी जाड गोटी कडेला घासते आणि घासली की पाना खोटा आकडा दाखवतो, पातळ भिंतीची लांब गोटी लागते. व्हॉल्व्ह कव्हर पण एकदा ठेवून बघा, स्टडचं टोक कुठे लागत नाही ना. या सगळ्याला वीस मिनिटं लागतात, आणि पेस्ट लावून पॅकिंग टाकून अर्धं आवळल्यावर गोटी जात नाही असं कळण्यापेक्षा हे बरं.

स्टडची मोकळी लांबी व्हर्नियरने मोजून वहीत लिहून ठेवा, नंबर टाकून. पुढे कधी हेड उघडलंत तर परत मोजता येईल.

आता खरं बसवणं. स्टडच्या ब्लॉकमध्ये जाणाऱ्या आट्यांना थोडंसं तेल, जास्त नाही, भोकात डबकं झालं तर वर सांगितलेला पाण्याचाच प्रकार तेलाने होईल. स्टड हाताने फिरवा, टोकाला एलन कीची जागा असते, ती दोन बोटांनी वापरा आणि टेकला की थांबा. बोटांनी घट्ट, बस. पुष्कळ लोक दोन नट एकमेकांवर आवळून स्टड ब्लॉकमध्ये चांगला करकचून बसवतात, करू नका, स्टड वाकडा उभा राहतो, खालच्या आट्यांवर आधीच ताण येतो आणि भोकाच्या तळाला दाबून धरतो ते वेगळं. लॉकटाइट पण नको, अगदी लावायचंच असेल तर ते सुकायच्या आत हेड बसवून पूर्ण टॉर्क लावून झाला पाहिजे, नाहीतर स्टड तिरका असेल तर तिरकाच कायमचा.

हेड नेमक्या जागी बसवणाऱ्या डॉवेल पिन जागेवर आहेत का बघा. पॅकिंग कोरडी, स्टीलच्या पॅकिंगवर कुठलाही चिकट पदार्थ फासायचा नाही, वरची बाजू वर आणि तेलाचं भोक तेलाच्या भोकावर. क्रँक थोडा फिरवून पिस्टन चारही मधोमध आणा, कोणताच वर नको, कारण हेड खाली येताना एखादा व्हॉल्व्ह उघडा असेल तर सरळ पिस्टनवर आपटेल. हेड दोघांनी धरून सरळ खाली सोडा. इंजिन गाडीतच असेल तर उभ्या स्टडवरून हेड घालायला वर जागा पुरत नाही, तेव्हा हेड आधी ठेवून स्टड वरून सोडतात, ते चालतं, फक्त आटे लागताना पॅकिंगवर काही पडू देऊ नका.

लुब्रिकंट कुठे? नटाच्या आतल्या आट्यांना किंवा स्टडच्या वरच्या आट्यांना, नटाच्या बुडाला आणि वायसरच्या वरच्या बाजूला. वायसरच्या खालच्या बाजूला नाही, तिथे लावलं तर नट फिरताना वायसर पण हेडवर फिरायला लागतो आणि घर्षणाचं गणित परत बदलतं. वायसरच्या भोकाला एका बाजूने उतरती कड असेल तर ती कड वर, नटाकडे. सगळ्या दहांना सारखीच पेस्ट, सारख्याच प्रमाणात. एकाला लपालपा आणि दुसऱ्याला नखाएवढी, असं नको.

पाना. क्लिकचा चालतो, पण त्याच्या रेंजच्या मधल्या भागात काम आलं पाहिजे, २०० न्यूटन मीटरचा पाना घेऊन ३० लावायला जाऊ नका, त्या टोकाला तो भरवशाचा नसतो. चांगला क्लिकचा पाना साधारण चार टक्के इकडे तिकडे असतो, आणि कॅलिब्रेशन वर्षाला किंवा ५००० वेळा वापरून झाल्यावर करायचं असा आयएसओचा नियम आहे. गॅरेजमधला पाना शेवटचा कधी तपासला असं विचारून बघा, चेहरे बघण्यासारखे असतात. आपल्या नाशिकच्या टपारियाचा असो की जपानचा, तपासलेला हवा. काम झालं की स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, आणि टॉर्क पान्याने नट खोलायचे नाहीत, त्याला वेगळा दांडा आहे.

क्रम. दहा स्टड पाच पाचच्या दोन रांगांत असतात. सुरुवात मधल्या जोडीपासून, मग तिच्या एका बाजूची जोडी, मग दुसऱ्या बाजूची, आणि चार कोपरे शेवटी, म्हणजे पॅकिंग मधून बाहेरच्या दिशेला पसरत बसते. नेमका क्रम मॅन्युअलमधून बघून पेंट पेनने प्रत्येक नटाजवळ नंबर टाका. सगळे नट आधी हाताने टेकवा. मग तीन सारख्या टप्प्यांत, शेवटचा आकडा ९० असेल तर सगळ्यांना ३०, मग सगळ्यांना ६०, मग सगळ्यांना ९०. एक एक नट थेट शेवटपर्यंत नेला तर हेड तिरकं दाबलं जातं आणि पहिल्या नटांचा ताण नंतरच्यांनी कमी होतो. पाना ओढायचा कसा, तर हळू आणि एकसारखा, मध्ये न थांबता. टप्प्याच्या अगदी जवळ येऊन थांबलात तर परत सुरू करताना नट चिकटलेला असतो, सुटायलाच जास्त जोर लागतो आणि फिरायच्या आधीच पाना वाजतो. तसं झालं तर नट अर्धा फेरा सैल करून परत एका दमात ओढा. वाजला की सोडा, खात्री म्हणून दोनदा तीनदा वाजवायची सवय असते पुष्कळांना, ती खात्री नसून जास्तीचा टॉर्क असतो.

हाताला काय जाणवतंय तिकडे लक्ष असू द्या, इथे पान्यापेक्षा हात जास्त सांगतो. शेवटच्या टप्प्यात सगळे नट साधारण सारखेच फिरले पाहिजेत, म्हणून प्रत्येक नटावर आणि बाजूला हेडवर एक रेघ मारून ठेवा म्हणजे फरक डोळ्याला दिसतो. एखादा नट फिरतोय फिरतोय आणि जोर वाढतच नाहीये तर थांबा, एक तर स्टड ताणून हद्दीबाहेर गेलाय किंवा ब्लॉकचे आटे वर येतायत, आणि पाना वाजेपर्यंत ओढत राहिलात तर ब्लॉकच जाईल. तो स्टड काढा, आटे बघा, गेले असतील तर तिथे इन्सर्ट (नवीन आट्यांची बाही) बसवायचं काम नीट मशीनवरच करून घ्या, हातातल्या ड्रिलने नाही. उलट एखादा नट कुरकुरतोय, झटके देत फिरतोय, बाकीच्यांच्या निम्मा फिरून पाना वाजवतोय तर त्याच्यात घाण आहे किंवा पेस्ट नाहीये किंवा आटे एकमेकांना चावतायत, सैल करा, साफ करा, परत पेस्ट लावा. त्याचा आकडा बरोबर दिसत असला तरी ताण बाकीच्यांपेक्षा कमीच आहे.

काही जण नवीन स्टड तीन-चार वेळा आवळून सैल करून मग शेवटचं आवळतात, आटे आणि वायसर घासून गुळगुळीत होतात आणि घर्षण स्थिर होतं म्हणून. साध्या तेलावर त्याला अर्थ आहे. अल्ट्रा टॉर्कवर पहिल्याच वेळेला जवळजवळ पूर्ण ताण येतो असं एआरपीचं म्हणणं आहे, आणि पॅकिंग मध्ये असताना चार वेळा दाबणं मला तसंही पटत नाही.

हेड न उतरवता एक एक बोल्ट काढून त्या जागी स्टड टाकायचा जुगाड पण पुष्कळ जण करतात. होतो, गाड्या चालतात पण. पण भोकात साचलेलं तेल-पाणी नीट निघत नाही, आटे साफ होत नाहीत, आणि खाली पॅकिंग जुन्याच दाबाने बसलेली. इंजिन उघडलेलंच असताना तर याचा विचार पण नको.

कॅमशाफ्ट बसवून झाल्यावर लगेच इंजिन फिरवू नका, अर्धा तास जाऊ द्या. कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधले हायड्रॉलिक लिफ्टर तेलाने फुगलेले असतात, त्यांना दबायला वेळ लागतो, घाई केली तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतात. मग टायमिंग बेल्ट लावून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे, कुठे अडकलं तर पान्याचा दांडा लांब करू नका, मागे या आणि बघा.

रीटॉर्कवर, म्हणजे इंजिन चालवून झाल्यावर नट परत आवळण्यावर, भांडणं होतात. स्टीलच्या मल्टी लेयर पॅकिंगला सहसा लागत नाही, पॅकिंगच्या कागदावर काय लिहिलंय ते करा, तांब्याच्या पॅकिंगला मात्र लागतंच. करायचं ठरवलं तर इंजिन पूर्ण थंड, म्हणजे रात्रभर उभं राहिलेलं. अॅल्युमिनियम गरम झालं की स्टीलच्या दुप्पट फुगतं, १०० मिमी जाडीचं हेड ७० अंशांनी तापलं तर स्टडपेक्षा साधारण ०.०८ मिमी जास्त वाढतं, तेवढा स्टड आपोआप जास्त ताणलेला असतो, त्या अवस्थेत लावलेला टॉर्क गार झाल्यावर कमीच निघणार. आणि रीटॉर्क म्हणजे नुसता वरून पाना लावून वाजवणं नाही, नट चिकटलेला असतो, तो न हलताच वाजतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक. क्रमाने एका वेळी एकच नट पाव फेरा सैल करायचा, परत एका दमात शेवटच्या आकड्यावर आणायचा, मगच पुढचा.

पहिल्यांदा सुरू करताना कुलंटची हवा नीट काढा, पहिल्या तापण्यात बूस्ट नको. गार झाल्यावर पातळी बघा, तेलाची काडी बघा. पुढचे काही दिवस एक्स्पान्शन टँककडे लक्ष, बूस्टनंतर पाणी बाहेर येतंय, वरचा पाइप दगडासारखा कडक होतोय, टँकमध्ये बुडबुडे येतायत, यातलं एक जरी दिसलं तरी हेड उचलतंय असं धरा आणि गाडी उभी करा. अशा वेळी आधी ट्यून (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग) बघा, मग स्टडला दोष द्या. ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे ओढून ठेवलेलं असेल आणि इंजिन नॉक करत असेल तर कुठलाही स्टड त्याला पुरणार नाही, आणि स्टड टिकलाच तर पिस्टनचा काठ तुटेल.

पुढे कधी हेड काढायची वेळ आली तर नट पण क्रमानेच, उलट्या क्रमाने, थोडे थोडे सैल करा. स्टड साफ करून वहीतल्या लांबीशी ताडून बघा, एखादा वाढलेला निघाला तर तो गेला, बाकीचे परत वापरता येतात, नट आणि वायसर मात्र ज्या स्टडचे त्याच स्टडबरोबर ठेवा आणि डब्यात टाकायच्या आधी सगळ्यांना तेलाचा हात फिरवा.